तो मनगट चावतो तेव्हा काय सांगत असतो?

फळा_खडू

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका विशेष शाळेत नऊ वर्षं शिकवते. वर्गात आठ मुलं आहेत, सगळी बहुविकलांग, बोलणारी त्यातली तीनच. त्यातल्या एका मुलाबद्दल लिहायचंय. त्याच्या आईला विचारूनच लिहितेय. वर्गात सगळे त्याला दादा म्हणतात, तेच इथेही म्हणते.

दादा ११ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही), चाकाची खुर्ची, हात मनासारखे वळत नाहीत. शब्द नाहीत, दोन-तीन आवाज आहेत. त्याला कळतं किती, हे एकाही अहवालात धड लिहिलेलं नाही, कारण चाचण्यांची उत्तरं एक तर बोलून द्यायची असतात नाहीतर बोट दाखवून. त्याला दोन्ही जमत नाही.

गेल्या जूनपासून दोन गोष्टी सुरू झाल्या. दुपारच्या जेवणानंतर किंचाळणं, मान मागे टाकून पाठीची कमान करणं. आणि सकाळी स्वतःचं उजवं मनगट चावणं, इतकं की तिथे घट्टा पडलाय.

आम्ही आधी ओरडलो. मग 'लक्ष वेधून घेतोय' म्हणून दुर्लक्ष केलं. मग दुपारी किंचाळायला लागला की त्याला खुर्चीत बसवून व्हरांड्यात नेऊ लागलो. तिथे तो पाच मिनिटांत शांत व्हायचा. त्यावरून 'याला वर्गात बसायचंच नाही' असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो. सहामाही अहवालात मी माझ्या हाताने लिहिलंय, "वर्तन: हट्टी." तो शब्द मला अजून टोचतो.

दिवाळीनंतर एक वही घातली. चार रकाने: वेळ, आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. पाचवा रकाना आमच्या मावशींनी सुचवला, "काय खाल्लं अन् पोट साफ झालं का तेबी लिवा." तीन आठवडे लिहिलं. शनिवारी आमची शाळा अर्धा दिवस, डबा नसतो. एकाही शनिवारी किंचाळणं नाही. इतर दिवशी जेवणानंतर वीसेक मिनिटांत, आणि दर वेळी चटईवर असताना. आम्ही जेवण झालं की मुलांना आडवं करतो, डायपर बदलायला आणि जरा विश्रांती म्हणून. व्हरांड्यात न्यायचं तर त्याला उचलून खुर्चीत ताठ बसवावं लागायचं. म्हणजे तो व्हरांड्यामुळे शांत होत नव्हता, ताठ बसल्यामुळे होत होता.

डॉक्टरांनी पाहिलं. अन्न आणि आम्ल वर येत होतं. औषध दिलं, जेवणानंतर पाऊण तास आडवं करायचं नाही असं सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत किंचाळणं जवळपास थांबलं. पाच महिने ते पोर "जळतंय, मला उठवा" म्हणत होतं आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

मनगट चावणं मात्र थांबलेलं नाही. वहीप्रमाणे वेळ सकाळी साडेदहा ते पावणेअकरा, म्हणजे प्रार्थना झाल्यावर हजेरी, वार-तारीख, हवामान यांच्या दरम्यान. गुरुवारी सहसा नसतं. शनिवारीही असतं, त्यामुळे डब्याशी संबंध दिसत नाही. ऊन, पंखा, आवाज, शेजारी कोण बसलंय, सगळं पाहून झालं. आणखी काय पाहू?

स्टेथोस्कोप

बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून दुपारच्या भागावर लिहितो. तुम्ही वर्णन केलीत तशी मान-पाठीची कमान आम्ल वर आल्यामुळे होते, त्याला सँडिफर सिंड्रोम असं नाव आहे. तिला फिट समजून फिटची औषधं सुरू केलेली मुलं मी पाहिली आहेत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत बद्धकोष्ठता आणि आम्ल वर येणं हे दोन्ही फार आढळतं.

न बोलणाऱ्या मुलाचं वागणं अचानक बदललं तर शिस्तीचा विचार नंतर करा. आधी दात, कान, पोट, लघवी, नितंबाचा सांधा, कातडीवर जखम, बूट किंवा पट्टा रुतणं, हे बघून घ्या. न बोलणाऱ्या मुलांच्या वेदना मोजायला वेगळी तपासणी-यादी असते: आवाज, चेहरा, शरीराचा ताठरपणा, खाणं-झोप यांवर गुण द्यायचे. ती भरायला त्या मुलाला ओळखणारं माणूस लागतं. म्हणून मी आईला आधी विचारतो, "नेहमीपेक्षा वेगळं काय वाटतंय?"

तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा. तो पाचवा रकाना आमच्या केस पेपरवरही नसतो.

खानदेशी_मास्तर

ताई, तुमची तळमळ पोचली. पण माझ्या जि. प. शाळेत ४२ पोरं आहेत आणि त्यात एक न बोलणारा आहे. तो बाक बडवतो. दर वेळी त्याला काय हवंय ते शोधून दिलं तर बाक बडवला की मिळतं हेच तो शिकणार ना? बाकीची ४१ पण बघत असतात. मनापासून विचारतोय, वाद घालायचा नाही.

स्वरयंत्र

मास्तर, हा प्रश्न मला पालक-सभेत हमखास विचारला जातो. मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. जरा लांबण लावते.

बाक बडवला की मिळतं, हे तो केव्हाच शिकलाय, म्हणूनच बडवतो. आता तीच गोष्ट मागायची सोपी वाट त्याच्या हाती द्यायची, आणि तीही बडवायच्या आधी. १९८५ साली अमेरिकेत कार आणि ड्युरँड या दोघांनी चार मुलांवर केलेलं काम या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी आधी पाहिलं की मूल केव्हा बिथरतं: काम अवघड असताना की मोठ्यांचं लक्ष कमी असताना. अवघड कामाला बिथरणाऱ्या मुलाला "मला समजत नाही" म्हणायला शिकवलं. लक्षासाठी बिथरणाऱ्याला "माझं बरोबर चाललंय का?" म्हणायला शिकवलं. बिथरणं कमी झालं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: मुलाच्या कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा काहीच फरक पडला नाही. मुलाला विश्रांती हवी असेल आणि आपण 'पाणी'चं चित्र असलेलं कार्ड देत बसलो तर त्याचा उपयोग काय?

नवी वाट जुन्या वाटेपेक्षा सोपी आणि लवकर फळणारी हवी. बाक बडवल्यावर तुम्ही दोन सेकंदांत वळता. त्याने कार्ड दाखवलं आणि तुम्ही "थांब रे, फळ्यावरचं होऊ दे" म्हणालात, की दुसऱ्या दिवशी तो बाकच बडवेल. पहिले काही आठवडे कार्ड दिसताच हातातलं ठेवून वळायचं. थांबायला नंतर शिकवता येतं.

दुर्लक्ष करून बघणाऱ्यांनाही एक सांगते. नुसतं दुर्लक्ष केलं की वागणं आधी वाढू शकतं. मूल आणखी जोरात सांगून बघतं. चौथ्या दिवशी आपला धीर सुटतो, आपण वळतो, आणि मूल शिकतं की इतक्या जोरात मारल्यावरच ऐकू जातं.

४२ पोरांत तुम्हाला सगळा दिवस लिहिता येणार नाही, मान्य. फक्त सर्वांत वाईट अर्धा तास निवडा आणि आठ दिवस तेवढाच लिहा.

खानदेशी_मास्तर

अर्धा तास जमेल. गणिताचा तास निवडतो.

वऱ्हाडी_आई

माझी मुलगी १४ वर्षांची आहे, रेट सिंड्रोम हा जनुकीय आजार आहे तिला. थोडं दुसऱ्या बाजूनेही लिहू का?

ती दिवसभर हात चोळते, छातीशी धरून पिळते. एका शाळेतल्या बाईंनी दर वेळी अर्थ लावला: भूक लागली, कंटाळा आला, राग आला. हात चोळणं हे तर या आजाराचं लक्षणच आहे, ते तिच्या हातात नाही. श्वास रोखून धरते तेही तसंच. तिचं बोलणं डोळ्यांत आहे. ज्या वस्तूकडे टक लावून बघते, मग तुमच्याकडे, मग पुन्हा वस्तूकडे, ते बोलणं. हाताकडे बघत बसलेल्यांना डोळे दिसलेच नाहीत.

काही मुलं डोलतात, बोटं हलवतात, ते त्यांचं स्वतःसाठी असतं. ते आपल्याला काही सांगत असतात असं नाही, आणि ते थांबवायचंही कारण नसतं. वागण्यात निरोप असतो हे शंभरदा कबूल, पण प्रत्येक हालचालीला अर्थ चिकटवू नका. पोरगी काही म्हणालीच नाही आणि तिच्या नावावर वाक्य पडलं, असं होऊ नये.

आम्ही शाळेसाठी एक पान बनवलंय, दप्तराच्या पहिल्या खणात असतं. तिच्या आवाजात लिहिलंय. "मी तुमच्याकडे बघून पटकन दाराकडे बघितलं तर मला बाहेर जायचंय. मी हसत असले आणि अंग ताठ असेल तर मी खूश नाही, घाबरलेय. मी डोळे मिटून घेतले तर तुम्ही फार वेगाने बोलताय." मधलं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. तोवर ते हसूच समजत होतो.

नदीकाठची

वऱ्हाडी_आई, तुमचं ते पान आजच माझ्या मुलासाठी बनवते.

एक विचारू? सासूबाई आणि आमचे फॅमिली डॉक्टर दोघं म्हणतात की बोलण्याऐवजी चित्रं दाखवून मागायची सवय लावली तर तो बोलायचा प्रयत्नच सोडेल. साडेचार वर्षांचा आहे. या एका भीतीपोटी दीड वर्षं थांबलोय.

स्वरयंत्र

थांबू नका. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. ज्यांची माहिती खात्रीची होती अशा २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं तोंडी बोलणं वाढलं, उरलेल्यांचं होतं तेवढंच राहिलं, कमी एकाचंही झालं नाही. वाढ बहुतेकांत थोडीच होती, खोटी आशा लावत नाही. पण चित्रांनी बोलणं मरतं याला आधार नाही.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेलं, चित्रांनी बोलायचं जेलो हे अ‍ॅप मराठीत आहे, फुकट आहे. त्याच्या आधी चार कागदी चित्रांनीही सुरू करता येईल. पण चित्रं फक्त त्याच्यापुढे सरकवू नका. तुम्ही बोलताना तुम्हीही चित्रांवर बोट ठेवत बोला. "अजून" म्हणताना 'अजून'वर, "संपलं" म्हणताना 'संपलं'वर. कुठलंही मूल मराठी बोलायला लागण्याआधी ती वर्षभर आपल्या तोंडून ऐकतं, तशीच ही भाषा त्याने आधी कुणाला तरी बोलताना बघायला हवी. आणि पहिल्या चार चित्रांत 'नको' हवंच. चित्रांच्या बहुतेक फाइलींत खाण्यापिण्याची वीस चित्रं असतात, 'नको' एकही नसतं.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इथे दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यातल्या १९९७च्या दुरुस्तीपासून, वागण्यामुळे शाळा मुलाला वर्गातून काढणार असेल तर काही परिस्थितींत त्या वागण्याचं कारण शोधणं बंधनकारक आहे. पण माझ्या मुलीच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात काय लिहून आलं? "लक्ष वेधणे." मी विचारलं, लक्ष कशाकडे वेधणे? उत्तर नव्हतं. लक्ष हवंय म्हणजे माणूस हवंय, आणि माणूस कशासाठी हवंय ते पुढे शोधावंच लागतं.

गटसाधन_केंद्रातून

समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत काम करतो. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'संवाद' या शब्दाची व्याख्याच दिलेली आहे. तीत ब्रेल, सांकेतिक भाषा, मोठा टाइप यांच्या बरोबरीने संवादाची पूरक आणि पर्यायी साधनं स्पष्ट नमूद आहेत. म्हणजे दप्तरातलं ते चित्रांचं पान कायद्याच्या नजरेत संवादच आहे. "खेळणं आहे, परीक्षेच्या वेळी बाहेर ठेवा" असं कुणी म्हणालं तर ही व्याख्या दाखवा. मी दोनदा दाखवली आहे.

एक_बोट

मलाही सेरेब्रल पाल्सी आहे. वय ३४. एका बोटाने टाइप करतो, म्हणून थोडक्यात.

फळा_खडू, तीन प्रश्न. हजेरी कोण घेतं? दादाचं नाव आल्यावर "हजर" कोण म्हणतं? त्याआधी किती वेळ थांबता?

फळा_खडू

हजेरी मी घेते. त्याचं "हजर" मीच म्हणते. "दादा... हजर!" असं हसून, टाळी वाजवून. थांबण्याचं म्हणाल तर... थांबत नसेन.

गुरुवारी मी केंद्रावर बैठकीला असते, हजेरी दुसऱ्या ताई घेतात. उद्या त्यांना विचारते.

एक_बोट

मी शाळेत खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीला लाथा मारायचो. लोक मला प्रश्न विचारायचे आणि उत्तर स्वतःच द्यायचे. मायेने द्यायचे. मला आवाज काढायला आठ-दहा सेकंद लागायचे. तोंड उघडेपर्यंत पुढच्याचा नंबर आलेला असायचा. माझ्या लाथेचा अर्थ "मला राग आलाय" एवढाच नव्हता. "मी अजून बोलतोय" असाही होता.

तुमचा दादा तसाच असेल असं नाही. पण बघा.

मदतीचा_हात

माझ्या ओळखीतल्या एका मुलाचा हात धरून त्याच्याकडून कीबोर्डवर टाइप करून घेतात. आता तो पानंच्या पानं लिहितो. दादासाठीही करून बघा.

स्वरयंत्र

तुमचा हेतू चांगला आहे हे जाणून सांगते, हे करू नका. मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवून चाचण्या झाल्या, तेव्हा टाइप झालेलं उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं निघालं. धरणाऱ्याला स्वतःलाही ते कळत नसतं. वाचा-उपचारतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१८ साली या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. वर वऱ्हाडी_आईंनी म्हटलंय तेच इथे घडतं: मुलाच्या नावावर दुसऱ्याचं वाक्य. खुर्चीला आधार द्या, कोपराखाली उशी द्या, पण उत्तर देणाऱ्या अवयवाला धरू नका.

फळा_खडू

काल गुरुवार होता. बैठक नव्हती, तरी हजेरी त्याच ताईंना घ्यायला सांगितली आणि मी मागे उभी राहिले.

त्यांचं गुडघ्याचं दुखणं आहे, सावकाश चालतात. प्रत्येक मुलाजवळ जातात, खांद्यावर हात ठेवतात, नाव घेतात आणि मग रजिस्टरवर खूण करायला पेनाचं टोपण काढतात. तेवढ्यात वेळ जातो. दादाचं नाव घेतलं. मी घड्याळात बघत होते. आठव्या सेकंदाला त्याची हनुवटी वर आली, अकराव्याला "आ" झालं. स्पष्ट. ताई म्हणाल्या, "हं, आलास होय," आणि पुढे गेल्या. त्यांनी यात काही विशेष केलंय हे त्यांना माहीतही नव्हतं. मनगट तोंडात गेलं नाही.

आज शुक्रवारी मी घेतली. जवळ गेले, नाव घेतलं आणि गप्प उभी राहिले. गप्प राहणं किती कठीण आहे! सहाव्या सेकंदाला माझं तोंड उघडलं होतं, दात दाबून धरले. तेरा सेकंदांनी "आ".

नऊ वर्षं शिकवतेय. दोन वर्षं हा मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याच्या हजेरीवर मी रोज टाळी वाजवत होते.

नदीकाठची

डोळे भरून आले वाचून.

एक_बोट

तेरा सेकंद चांगला वेळ आहे. माझ्यापेक्षा फार मागे नाही तो.

स्वरयंत्र

ताई, आता त्याच्या "आ"ला जोड द्या. एकच वाक्य रेकॉर्ड होतं असं मोठं बटण मिळतं, हनुवटीने किंवा कोपराने दाबता येतं. वाक्य त्याच्या वयाच्या मुलाच्या आवाजात भरा, तुमच्या आवाजात नको. आणि पुढच्या पायरीसाठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पाटी करा, मधोमध खिडकी कापलेली. कोपऱ्यांत चार चित्रं लावायची, तुम्ही पलीकडून बघायचं त्याचे डोळे कुठे जातात ते. सनबोर्डवाल्याकडे कापून मिळेल.

खानदेशी_मास्तर

आठ दिवस झाले, माझी वही. गणिताचा तास. बाक बडवणं दर वेळी मी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत असताना नाही, तर वह्या काढा म्हटल्यावर. त्याची वही दप्तरात तळाशी असते आणि दप्तराची चेन त्याला उघडत नाही. शेजारच्या पोराला सांगितलं की चेन उघडून ठेवत जा. दोन दिवस बाक शांत आहे. दोन दिवसच झालेत, पण सांगावंसं वाटलं. 'मदत' असं एक कार्ड त्याच्या बाकाला चिकटवलंय. अजून त्याने वापरलेलं नाही, मीच वापरून दाखवतोय.

फळा_खडू

मास्तर, फार बरं वाटलं!

आमचं बटण आलं. आवाज त्याच्या आत्तेभावाचा आहे, तो बारा वर्षांचा. "हजर ताई!" असं खणखणीत. पहिल्या दिवशी कोपर तीनदा घसरलं, चौथ्यांदा दाबलं गेलं. वर्ग एकदम गप्प झाला आणि मग जो हसला! दादा सगळ्यांत जोरात.

या दोन आठवड्यांत हजेरीच्या वेळी मनगट एकदाच चावलं, ज्या दिवशी बटणाचे सेल गेले होते. इतर वेळचं चावणं अजून आहे, व्यायामाच्या वेळी विशेष. तिथे 'थांबा' कसं म्हणता येईल ते बघतोय. व्यायाम चुकवता येणार नाही, पण आधी डावा पाय की उजवा, हे तरी त्याने ठरवावं असं फिजिओ ताईंशी बोलले. त्या तयार आहेत.

नवी अडचण अशी की तो आता सगळ्यांच्याच नावाला बटण दाबतो. दुसऱ्या मुलाचं नाव घेतलं की "हजर ताई!" आणि हसतो. मुलं चिडत नाहीत, उलट वाट बघतात. हे थांबवावं का?

वऱ्हाडी_आई

काही थांबवू नका. अकरा वर्षांच्या पोराला वर्गात पहिल्यांदा मस्करी करता आली.

फळा_खडू

नाही थांबवत.

आणखी एक. त्याची आई विचारतेय की बटण शनिवारी-रविवारी घरी आणलं तर त्यात काय भरावं. तिला "आई, पाणी" भरायचंय. वडिलांना वाटतं "बाबा, लवकर या". एक_बोट, तुम्ही काय म्हणाल?

एक_बोट

मी काही म्हणणार नाही. ताई, अ‍ॅक्रिलिकची पाटी झाली का? दोन्ही वाक्यांची चित्रं लावा. तिसरं चित्र 'दोन्ही नको' असं लावा. त्याला विचारा आणि तेरा सेकंद थांबा.